पेयरोनेच्या मिठाचा मागोवा

सिस्प्लॅटिन पहिल्यांदा तयार झालं 1844 साली. माणसाच्या शिरेत ते गेलं 1970 नंतर. मधली सव्वाशे वर्षं ते प्रयोगशाळांच्या फडताळात पडून होतं आणि हे औषध असू शकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आज गर्भाशयमुखाच्या, तोंडाघशाच्या, फुप्फुसाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरवर ते जगभर रोज दिलं जातं. त्याची गोष्ट सहसा नशिबाने लागलेल्या शोधाची म्हणून सांगतात. मला ती अपुरी वाटते. विष सापडणं हा या गोष्टीतला लहान भाग आहे. ते विष माणसाला झेपेल अशा रीतीने देता येणं हा मोठा भाग आहे, आणि ज्यांनी ते साधलं त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही.

धातू आणि औषध म्हटलं की आपल्याकडे भस्मं आठवतात. पण सिस्प्लॅटिन त्या घराण्यातलं नाही. त्याचे जवळचे पूर्वज जंतूंवरची औषधं आहेत. 1909 साली फ्रँकफर्टमध्ये पाउल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना आर्सेनिकचं एक संयुग सिफिलिसच्या जंतूवर लागू पडताना दिसलं. त्यांच्या यादीत त्याचा क्रमांक 606 होता. पुढच्याच वर्षी ते साल्व्हरसान या नावाने बाजारात आलं. आर्सेनिक तसंच दिलं तर माणूस मरेल, पण कार्बनी सांगाड्यात बांधून दिलं तर जंतू मरतो आणि माणूस तगतो, हे त्यातून कळलं. 1920 नंतर कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी हाच धडा अँटिमनीवर गिरवला. कॅम्पबेल हॉस्पिटलच्या एका अपुऱ्या, लहानशा खोलीत त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केलं. त्या काळी काळा आजार झालेला माणूस उपचारांवाचून सहसा वाचत नसे. बंगाल-आसामातले असंख्य रोगी या औषधाने जगले. आर्सेनिक आणि अँटिमनी हे काटेकोर बोलायचं तर अर्धधातू, पण बांधणीचं तत्त्व तेच. पुढे पेनिसिलीन आलं आणि धातूंच्या औषधांची ही वाट जवळजवळ बुजली.

प्लॅटिनमची हकीगत तोवर वेगळ्याच दालनात चालू होती, आणि तिथे रोगाचा विषयच नव्हता. मिकेले पेयरोने हा इटलीतला शिकलेला डॉक्टर, पण ओढा रसायनशास्त्राचा. तो जर्मनीत गीसेनला लीबिगच्या प्रयोगशाळेत गेला. माग्नुस नावाच्या रसायनज्ञाने 1828 साली प्लॅटिनम आणि अमोनियापासून एक हिरवं मीठ केलं होतं. पेयरोनेला ते जास्त सोप्या रीतीने करून पाहायचं होतं. हिरव्याबरोबर त्याला एक पिवळं मीठही मिळालं. त्यात प्लॅटिनम, क्लोरीन आणि अमोनिया यांचं प्रमाण हिरव्यातल्याइतकंच होतं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ज्यूल रेझेने तिसरं एक मीठ केलं, तेही त्याच प्रमाणाचं. घटक तेच, वजनं तीच, आणि पदार्थ मात्र वेगवेगळे. पन्नास वर्षं रसायनज्ञ या कोड्याभोवती फिरत राहिले.

कोडं सोडवलं झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने, 1893 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. कॅरम खेळायला चौघं बसलेत असं धरा. मधे प्लॅटिनम आणि चार बाजूंना दोन क्लोरीन, दोन अमोनिया. दोन्ही क्लोरीन भागीदारांसारखे समोरासमोर बसले तर ते रेझेचं मीठ, शेजारी शेजारी बसले तर पेयरोनेचं. वेर्नरचा तर्क असा की प्लॅटिनमभोवतीचे चौघं चतुष्फलकाच्या टोकांवर असते, तर त्यांची मांडणी एकाच तऱ्हेने झाली असती. ज्या अर्थी दोन वेगळी मिठं मिळतात, त्या अर्थी चौघं एकाच पातळीत, चौकोनात असणार. क्ष-किरणांनी रेणू पाहण्याची सोय नव्हती तेव्हाचा हा निष्कर्ष आहे, आणि तो अचूक निघाला. 1913चं नोबेल वेर्नरला मिळालं. पेयरोनेचं मीठ मात्र पाठ्यपुस्तकातलं एक उदाहरण होऊन पुन्हा बाटलीत गेलं.

1961 साली बार्नेट रोझेनबर्ग अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात आले. ते भौतिकशास्त्रज्ञ. पेशी दुभंगताना तिच्यात तंतूंची जी आकृती उमटते, ती त्यांना चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसासारखी दिसली. मग पेशीच्या विभाजनावर विद्युतक्षेत्राचा परिणाम होत असेल का? हे पाहायला त्यांनी सोपा जीव निवडला, आपल्या आतड्यातला ई. कोलाय. प्रयोग सांभाळत होत्या लोरेटा व्हॅन कॅम्प. पोषक द्रावणात जंतू वाढत होते आणि द्रावणात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या होत्या. प्लॅटिनम कशातच विरघळत नाही, प्रयोगात लुडबूड करणार नाही, म्हणून तर तो धातू घेतला होता.

प्रवाह सुरू केला आणि द्रावणाचा गढूळपणा उतरत गेला. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एरवी आखूड कांडीसारखे दिसणारे जंतू लांबच लांब दोऱ्यांसारखे झाले होते, काही तर नेहमीच्या लांबीच्या 300 पट. ते मेले नव्हते. वाढत होते, फक्त दुभंगत नव्हते. प्रवाह बंद केला की हळूहळू विभाजन पूर्ववत होई.

रोझेनबर्गचा अंदाज खरा ठरला, असं इथे जाहीर करून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि या कहाणीतला मला सगळ्यांत आदर वाटणारा भाग हाच आहे. तापमान, आम्लता, प्रकाश, द्रावणातलं एकेक रसायन असं बदलून पाहत त्यांनी जवळजवळ दोन वर्षं घालवली. विद्युतक्षेत्राचा दोष नव्हता. ‘न विरघळणाऱ्या’ पट्ट्यांतलं प्लॅटिनम प्रवाहामुळे कणाकणाने द्रावणात उतरत होतं आणि तिथल्या अमोनियम क्लोराइडशी संयुग पावत होतं. तेच संयुग बाहेरून आणून टाकलं, तर ताज्या द्रावणाने दोरे होईनात. काही दिवस उजेडात राहिलेल्या द्रावणाने मात्र होऊ लागले. प्रकाशामुळे क्लोरीनच्या जागी अमोनिया येत होता. शेवटी काम करणारा रेणू हाती लागला, आणि तो निघाला पेयरोनेचं पिवळं मीठ. रेझेच्या मिठाने जंतूंचे दोरे होत नव्हते. 1965 साली ‘नेचर’मध्ये निबंध आला.

मारल्याशिवाय विभाजन थांबवणारा पदार्थ! मग बेसुमार दुभंगणाऱ्या पेशींवर तो का देऊ नये? 1968 साली उंदरांवर प्रयोग झाले. गाठ चांगली मोठी होईपर्यंत थांबून औषध टोचलं, तरी गाठी विरघळल्या आणि उंदीर जगले. 1969च्या निबंधाने प्लॅटिनमची संयुगं हा कॅन्सरवरच्या औषधांचा नवा वर्ग म्हणून पुढे आला.

शेजारी बसलेल्या दोन क्लोरीनांना इतकं महत्त्व का, हे कळायला आणखी काही वर्षं लागली. रक्तात मीठ भरपूर, त्यामुळे तिथे दोन्ही क्लोरीन जागेवर राहतात. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि प्लॅटिनमचे दोन हात मोकळे होतात. ते डीएनएच्या साखळीतल्या लगतच्या दोन ग्वानिनांना धरतात, त्या जागी साखळी वाकते आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवते. समोरासमोरच्या हातांना लगतचे दोन ग्वानिन असे धरता येत नाहीत. हे औषध सलाईनमधूनच देतात त्याचंही कारण यातच आहे. बाटलीतल्या मिठामुळे रेणू पेशीपर्यंत शाबूत पोचतो.

पण माणसावरच्या पहिल्या चाचण्या भयंकर होत्या. औषधाचा उपयोग दिसत होता आणि मूत्रपिंडं निकामी होत होती. उलट्या इतक्या की बरेच रोगी पुढचा डोस घ्यायला तयार नसत. औषध बाजूला ठेवून द्यावं, असं वाटायला लावणारी ती परिस्थिती होती. ते टिकलं ते पाण्यामुळे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एस्तेबान त्स्वित्कोविच आणि सहकाऱ्यांनी औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन चढवून, मॅनिटॉल देऊन लघवीचा ओघ वाढवला. प्लॅटिनम मूत्रपिंडात साचायच्या आत वाहून जाऊ लागलं. आजही सिस्प्लॅटिनचा दिवस असाच असतो. आधी काही तास सलाईन, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, मग उजेडापासून झाकलेली औषधाची बाटली, मग पुन्हा सलाईन, आणि नर्स दर वेळी लघवी मोजून कागदावर लिहिते. औषध भरताना सुईत ॲल्युमिनियम चालत नाही, त्याच्याशी अभिक्रिया होऊन काळा साका बसतो. पुरवठ्याची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, थंडीत खडे धरतात. 160 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे साधारण 100 मिलिग्रॅम शुद्ध प्लॅटिनम. त्यातला काही अंश शरीरात राहून जातो, उपचारांनंतर 20 वर्षांनीही रक्तात त्याचा माग लागतो.

1974 साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिनबरोबर अंडकोषाच्या पसरलेल्या कॅन्सरवर दिलं. तोवर या आजारात पसरलेल्या अवस्थेतला रोगी, म्हणजे बहुधा विशी-तिशीतला तरुण, क्वचितच वाचत असे. आता दहातले आठ बरे होतात. पसरलेला कॅन्सर औषधाने पुरता बरा होतो, हे इतक्या ठामपणे सांगता येईल असे आजार आजही मोजकेच आहेत. डिसेंबर 1978मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. क्रिकेटपटू युवराज सिंग 2012 साली कॅन्सरच्या उपचारांसाठी इंडियानापोलिसला गेला, तो याच आइनहॉर्न यांच्याकडे. उलट्यांवरचा उपाय, ऑनडॅनसेट्रॉन, यायला मात्र 1990चं दशक उजाडावं लागलं. तोपर्यंतच्या रोग्यांनी जे सोसलं त्याची कल्पना आज किमो घेणाऱ्यालाही येणार नाही.

वंश पुढे वाढला. लंडनमध्ये मूत्रपिंडांना कमी त्रास देणारं कार्बोप्लॅटिन घडलं. जपानमध्ये नागोयाला योशिनोरी किदानी यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन केलं, जे आतड्याच्या कॅन्सरवर चालतं आणि ज्याच्यानंतर रोग्याला थंड पाण्याचा स्पर्शही टोचतो. रुथेनियमची काही संयुगं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आली, पण औषध झाली नाहीत.

ज्या जंतूने हे सगळं दाखवलं, त्याच्याकडेही संशोधक परतलेत. प्रतिजैविकं बोथट होत चालल्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या खुल्या प्रकल्पात जगभरातून आलेली संयुगं जंतूंवर तपासली जातात. 2020 साली तिथला निष्कर्ष आला. धातू असलेल्या 906 संयुगांपैकी 88 जंतूंवर किंवा बुरशींवर चालली आणि माणसाच्या पेशींना अपायकारकही दिसली नाहीत, म्हणजे दहातलं जवळजवळ एक. धातू नसलेल्या संयुगांत हे प्रमाण शंभरात एकही भरलं नाही. त्या 88मधली 30 जंतूंवर चालणारी होती. काचेच्या नळीतून माणसापर्यंतचा प्रवास किती लांब असतो ते सिस्प्लॅटिनने दाखवलंच आहे, पण धातू विषारी म्हणून बाद, हा समज आता धरून ठेवण्यासारखा नाही.

या मागोव्याचा अलीकडचा आणि आपल्याला सर्वांत जवळचा टप्पा परळचा आहे. गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये नुसती रेडिएशन द्यावी की सोबत सिस्प्लॅटिन, यावर श्रीमंत देशांतून नेमकं उत्तर येईना, कारण तिथे इतक्या उशिरा येणाऱ्या बायकाच थोड्या. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 850 रुग्णांवर चाचणी केली. 2018मध्ये आकडे आले. पाच वर्षांनी हयात होत्या त्या, रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत 54 टक्के आणि नुसती रेडिएशन घेतलेल्यांत 46. मला हा आठ टक्क्यांचा फरक कुठल्याही नव्या रेणूच्या बातमीपेक्षा मोठा वाटतो. औषध जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं, आणि प्रश्न विचारला तो आपल्या वॉर्डातल्या बायकांसाठी.

त्याच वर्षी टाटाची दुसरी चाचणी आली, तोंडाघशाच्या कॅन्सरची. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मशेरीने हे रोगी किती, ते सांगायला नको. दर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर हा मूळ डोस झेपत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी आठवड्याला 30 देत. 300 रोग्यांत तुलना केली तेव्हा दोन वर्षांनी कॅन्सर त्या जागी काबूत होता तो मोठ्या डोसने 73 टक्क्यांत, लहान डोसने 58.5 टक्क्यांत. सोय म्हणून कमी केलेला डोस महागात पडत होता. आठवड्याला 40चा डोस, शस्त्रक्रियेनंतरच्या रोग्यांत, पुढे जपानमध्ये तपासला गेला आणि तो टिकला.

आणि ज्यांची मूत्रपिंडं किंवा कान सिस्प्लॅटिन सोसूच शकत नाहीत, त्यांचं काय? टाटानेच 2023मध्ये दाखवलं की अशा रोग्यांना रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल दिलं तर आयुष्य वाढतं. त्याआधी 2020मध्ये, आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या तोंडाघशाच्या रोग्यांवर त्यांनी सिस्प्लॅटिनच्या सलाईनविरुद्ध साध्या गोळ्या ठेवल्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. गोळ्यांवरचे निम्मे रोगी साडेसात महिन्यांहून जास्त जगले, सिस्प्लॅटिनवरचे निम्मे सहा महिन्यांहून जास्त. गोळ्या स्वस्त होत्या, गंभीर त्रास कमी होता आणि त्या घरी बसून घेता येत होत्या.