निकाल लागला तेव्हा गोष्ट रंगात आली होती

मागच्या उन्हाळी सुट्टीत माझ्या मुलीने मला एक जुनी जपानी कार्टून मालिका बघायला बसवलं. जपानमधल्या अशा चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मालिकेचं नाव ‘मोबाइल सूट गंडम’, साल १९७९. चार भाग बघून मी उठलो. अठरा मीटर उंचीचा एक यंत्रमानव, त्याच्या पोटात बसून तो चालवणारा पंधरा वर्षांचा आमुरो नावाचा पोरगा, दर भागात एक चकमक. मी म्हटलं, “बेटा, हा तर खेळणी विकायचा धंदा आहे.” ती म्हणाली, “अब्बा, ते खरंच आहे. पण बाराव्या भागापर्यंत थांबा. मग उठा.”

मी थांबलो. त्यानंतर जे पाहिलं आणि त्या मालिकेविषयी जे वाचलं, त्यावर आज लिहितोय. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

आधी धंद्याबद्दल. माझा अंदाज चुकीचा नव्हता. १९७२ साली आलेल्या ‘माझिंगर झेड’नंतर जपानी टीव्हीवर यंत्रमानवांच्या मालिकांची रांग लागली. त्यांचा खर्च खेळणी बनवणाऱ्या कंपन्या उचलायच्या. मुलाने शनिवारी पडद्यावर यंत्रमानव पाहावा आणि रविवारी बापाकडे त्याचा हट्ट धरावा, असा तो हिशेब होता. ‘गंडम’चा खर्च क्लोव्हर नावाची खेळणी कंपनी करत होती, मालिका सनराइज हा स्टुडिओ बनवत होता आणि नागोयाच्या वाहिनीमार्फत ती ७ एप्रिल १९७९ पासून शनिवारी संध्याकाळी दाखवली जात होती. ठरले होते ५२ भाग.

दिग्दर्शक तोमिनो योशियुकी यांना मात्र युद्धाची गोष्ट सांगायची होती. ते १९४१ सालचे, म्हणजे जपान महायुद्ध हरला तेव्हा तीन वर्षांचे. त्यांच्या गोष्टीत माणसं अंतराळात मोठमोठी नळकांड्यांसारखी शहरं बांधून राहतात. त्यांतल्या झिऑन नावाच्या राज्याने पृथ्वीविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलेलं आहे आणि पहिल्याच महिन्यात अर्धी मानवजात संपली आहे. घरदार गमावलेली काही पोरं एका युद्धनौकेवर येऊन पडतात आणि नाइलाजाने तीच तिचे सैनिक होतात. नौकेवर म्हातारेकोतारे आणि लहान मुलं निर्वासित म्हणून आहेत. ही मांडणी सुरुवातीपासून होती. पण पहिल्या काही भागांत ती लढायांखाली दबून गेली होती. झिऑनचे सैनिक बहुतेक वेळा हिरव्या यंत्रांच्या आतच राहायचे. यंत्र फुटलं की मामला खतम.

बाराव्या भागापासून सूर बदलतो. झिऑनच्या राजघराण्यातला एक तरुण सेनानी मारला गेलेला असतो आणि त्याची अंत्ययात्रा दाखवली जाते. मोठा भाऊ लाखोंच्या जमावापुढे भाषण करतो, धाकट्या भावाच्या मरणाचं राजकारण करतो. आपल्या नौकेवरची पोरं ते प्रक्षेपण पाहत बसतात. आपण ज्याला मारलं त्याच्यासाठी कुणीतरी रडतंय, आणि त्या रडण्यावर कुणीतरी आपली सत्ता पक्की करतंय, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी दिसतात.

तेराव्या भागात आमुरो आईला भेटायला जातो. ती निर्वासितांच्या छावणीत आजाऱ्यांची सेवा करत असते. तिच्या डोळ्यांदेखत तो झिऑनच्या एका सैनिकावर गोळी झाडतो. आई हादरते. त्या माणसालाही बायकापोरं असतील, हे तिचं दुःख. नाही झाडली तर मी मेलो असतो, हे त्याचं. दोघंही खरं बोलतात आणि एकमेकांपासून तुटतात. हा भाग पाहताना मी मुलीकडे बघायचं टाळत होतो.

मग राम्बा राल येतो. झिऑनचा हा पोक्त सैनिक. वरिष्ठांवर रुसून नौका सोडून आलेला आमुरो वाळवंटातल्या एका खानावळीत बसलेला असतो. तिथे राल आपली माणसं घेऊन जेवायला येतो. त्याची साथीदार हामोन या अनोळखी पोराला जेवण देऊ करते. पोरगा म्हणतो, मी भिकारी नाही. रालला त्याचा बाणा आवडतो. पुढे हा शत्रूपक्षाचा आहे हे लक्षात येऊनही तो त्याला जाऊ देतो. थोड्या वेळाने लढाईत दोघांची यंत्रं फाटतात आणि ते एकमेकांचे चेहरे पाहतात. त्याच्या पुढच्याच भागात राल मरतो. पहिल्या भागांत शत्रू मेला की बरं वाटायचं. इथे वाटत नाही.

सत्तावीस-अठ्ठावीसाव्या भागात मिहारू ही मुलगी भेटते. आईबाप नाहीत, धाकटी भावंडं सांभाळायची आहेत, म्हणून बंदरावर खाण्याच्या वस्तू विकता विकता ती झिऑनला खबरा देते. ज्या नौकेची खबर तिने दिली, तिच्यावर लहान मुलं आहेत हे पाहिल्यावर ती त्यांना वाचवायला धावते आणि त्यात तिचा जीव जातो. तिच्या भावंडांना यातलं काहीच कळलेलं नसतं.

आता गंमत बघा. मालिका अशी चढत होती, तेव्हा आकडे मात्र पडलेलेच होते. टोकियोच्या पट्ट्यात प्रेक्षकसंख्या सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास राहिली. खेळणी खपत नव्हती. कारण उघड होतं. गोष्ट ज्यांना भिडत होती ती मुलं हायस्कूल-कॉलेजातली होती, आणि दुकानातली खेळणी लहान मुलांसाठी होती. कंपनीच्या आग्रहाखातर मधेच एक नवं विमान गोष्टीत घुसवलं गेलं, म्हणजे त्याचंही खेळणं काढता यावं. तेवढ्याने भागलं नाही. ५२ भागांची मालिका ४३ वर थांबवायचं ठरलं. त्यातच पात्रं रेखाटणारे मुख्य चित्रकार यासुहिको योशिकाझु आजारी पडून दवाखान्यात दाखल झाले. त्यामुळे शेवटच्या भागांत चित्रं उतरलेली दिसतात, पण गोष्ट उतरत नाही. हाती उरलेल्या भागांत तोमिनो आणि त्यांच्या लेखकांनी सगळे धागे आवळले आणि २६ जानेवारी १९८० रोजी मालिका संपवली.

कागदोपत्री ती नापास झाली होती. पुढचं काम प्रेक्षकांनी केलं. चित्रमालिकांना वाहिलेल्या मासिकांतून तिच्यावर चर्चा चालू राहिली, पुनःप्रक्षेपण झालं आणि लोकांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाहिली. मालिका संपून सहा महिने होत आले असताना, जुलै १९८० मध्ये, बंदाई कंपनीने प्लास्टिकचे जोडायचे नमुने बाजारात आणले. लहान नमुन्याची किंमत ३०० येन, मोठ्या मुलांच्या खिशाला परवडेल अशी. दुकानांपुढे रांगा लागल्या. २२ फेब्रुवारी १९८१ ला टोकियोच्या शिंजुकु भागात मालिकेवरच्या पहिल्या चित्रपटानिमित्त मेळावा झाला, त्याला हजारो तरुण जमले. १९८१-८२ मध्ये तीन चित्रपट आले. शेवटच्या चित्रपटासाठी बऱ्या झालेल्या यासुहिकोंनी बरीच चित्रं नव्याने काढली. क्लोव्हर कंपनी मात्र १९८३ मध्ये बुडाली.

एक गोष्ट राहिली. पंधरावा भाग चित्रांच्या दृष्टीने सगळ्यात कच्चा मानला जातो. अमेरिकेत मालिका गेली तेव्हा तोमिनोंनी तो वगळायला लावला. त्यात झिऑनचा एक पळून आलेला सैनिक एका बेटावर युद्धात अनाथ झालेली मुलं वाढवत असतो. २०२२ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या यासुहिकोंनी याच भागावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला. कच्चं होतं ते चित्र. आतली गोष्ट पहिल्यापासून पक्कीच होती.

आता कबुली. बी.एड.ला मूल्यमापनावर अख्खा पेपर होता, मला त्यात चांगले गुण पडले होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात आठवीतला एक मुलगा होता. सहामाहीत उर्दू आणि मराठी दोन्हींत नापास. मी त्याच्या वालिदांना बोलावून सांगितलं की पोराचं तालीमीत मन नाही, त्याला एखादा हुन्नर शिकवा. ते गरीब होते, मास्तरचा शब्द त्यांच्यासाठी मोठा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा शाळेत आला नाही.

डिसेंबरात वह्यांचा गठ्ठा तपासताना त्याची वही हाती आली. इमला, म्हणजे श्रुतलेखन, मी दर आठवड्याला घ्यायचो. पण त्या सत्रात महिनाभराच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. सहामाहीआधी त्याच्या एका पानात सतरा-अठरा चुका असायच्या. परीक्षेनंतर, सुट्टी लागण्याआधी घेतलेल्या शेवटच्या इमल्यात सहा होत्या. अक्षर तेच, वाकडंतिकडं. मी त्याच्या घरी गेलो. तो तोवर मामाकडे दुसऱ्या गावी गॅरेजवर लागला होता. वालिद म्हणाले, “सर, तुम्हीच तर सांगितलं होतं.”

क्लोव्हरच्या साहेबांवर मी म्हणूनच हसू शकत नाही. त्यांच्याजवळ निदान आकडे होते. माझ्याजवळ वही होती आणि मी ती उघडली नव्हती.

मालिकेचा शेवटचा भाग संपला तेव्हा मुलीने विचारलं, “अब्बा, चौथ्या भागावर उठला असता तर?” मी तिला त्या वहीबद्दल सांगितलं. घरात ती गोष्ट मी पहिल्यांदाच बोललो.