एकविसाव्या तारेची गोष्ट

संगणकाच्या इतिहासात नव्या यंत्रांच्या तारखा ठळकपणे नोंदल्या जातात. जुन्या यंत्रांच्या सवयी सांभाळण्यासाठी केलेल्या डागडुजीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशाच एका डागडुजीचा हा इतिहास.

इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ हा मायक्रोप्रोसेसर काढला. त्याला स्मृतीतील पत्ता सांगणाऱ्या २० तारा होत्या. प्रत्येक तारेवर ० किंवा १, म्हणजे एकूण १०,४८,५७६ पत्ते; यालाच आपण एक मेगाबाइट म्हणतो. हा पत्ता दोन संख्यांपासून तयार होई: पहिलीला १६ ने गुणायचे आणि त्यात दुसरी मिळवायची. दोन्ही संख्या जास्तीत जास्त, म्हणजे ६५,५३५ घेतल्या, तर उत्तर येते ११,१४,०९५. ते २० तारांत मावत नाही. हातचा आलेला १ ठेवायला एकविसावी तारच नसल्याने तो गळून पडतो आणि पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जातो. स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तसेच हे.

१९८१ सालच्या आयबीएम पीसीमधील ८०८८ मध्येही २० च तारा होत्या. काही प्रोग्राम या शून्यावर परतण्याचा उपयोग करून घेऊ लागले. मग १९८४ साली आयबीएमचा पीसी-एटी आला. त्यातील ८०२८६ ला २४ तारा होत्या. आता हातचा गळेना, आणि जुने प्रोग्राम भलत्याच जागी पोहोचू लागले.

आयबीएमच्या अभियंत्यांनी एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवले. तारांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून तिचे नाव ए-२०. फाटक बंद असले की त्या तारेवर नेहमी शून्यच. ते उघडण्या-मिटण्यासाठी कळफलकाच्या नियंत्रक चिपची एक रिकामी पिन वापरली गेली. कळफलकाचा स्मृतीशी काडीचाही संबंध नसताना ही सोयरीक जुळली!

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केली, तेव्हा तिला एक मेगाबाइटच्या वरची स्मृती हवी होती. फाटक बंद राहिले, तर तेथे लिहिलेला मजकूर मुकाट्याने खालच्या स्मृतीवर उमटतो आणि तेथील माहिती पुसली जाते. हे काम करणारा भाग २००७ साली सी भाषेत नव्याने लिहिला गेला. आम्ही तो तपासकाच्या नजरेने वाचतो, तेव्हा जवळपास प्रत्येक ओळीमागे एखादे आडमुठे यंत्र उभे दिसते.

फाटक उघडण्याच्या तीन वाटा आहेत: बायोसला विनंती, कळफलकाची चिप आणि ९२ क्रमांकाचे (षोडशमान पद्धतीने) पोर्ट. एकही वाट सर्व यंत्रांवर भरवशाची नाही. म्हणून प्रत्येक प्रयत्नानंतर चाचणी होते. खालच्या एका जागी संख्या लिहायची आणि बरोबर एक मेगाबाइट वरची जागा वाचायची. तीच संख्या दिसली तर फाटक बंद असावे. पण तो योगायोगही असू शकतो, म्हणून संख्या बदलून पुन्हा पाहायचे. काही यंत्रांत कळफलकाची चिपच नसते. तेथे ‘मी कामात आहे’ असेच उत्तर येत राहते. असे ठरावीक उत्तर ३२ वेळा आले, की चिप नाही असे समजून पुढे जायचे. पोर्ट ९२ वर लिहिताना शेवटचा बिट शून्यच ठेवायचा, कारण तो १ झाला तर यंत्र नव्याने सुरू होते.

अशा चार ओळींचा बदल तपासणाऱ्याला स्वतःच्या टेबलावरील यंत्रावर तो चालला एवढ्याने भागत नाही. आपल्याकडे नसलेल्या यंत्रावर काय होईल, हेच त्याला विचारावे लागते. पुढे इंटेलने नव्या प्रोसेसरांतून या फाटकाची सोय काढून टाकली. लिनक्समधील चाचणी मात्र त्यानंतरही राहिली. फाटक आधीच उघडे आढळले, की ती काहीही न करता पुढे जाते.

वर्गात द्विमान बेरीज शिकवताना चारच घरे आखून १५ मध्ये १ मिळवायला सांगावे. हातचा कुठे गेला, हे विद्यार्थी स्वतःच विचारतील.