किल्ली आणि कारकून

इतिहास केवळ लढाया आणि तह यांच्या नोंदींतच सापडतो असे नाही. कचेरीतील टेबल, पगाराचे पाकीट, वरिष्ठाच्या खोलीचे दार यांनाही इतिहास असतो. दप्तरखान्यात त्याचा माग लागत नाही, पण एखाद्या विनोदी बोलपटात तो अवचित हाती लागतो. बिली वाइल्डर यांचा १९६० सालचा 'दि अपार्टमेंट' हा अमेरिकन बोलपट अशांपैकी होय. त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्यास मिळाले. वरवर पाहता ही प्रेमकथा आहे. आम्ही मात्र आज ती वर्ग, संपत्ती आणि सत्ता यांचा पुरावा म्हणून पाहणार आहोत.

प्रथम काळ ध्यानात घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कचेऱ्यांचा पसारा वाढत गेला. १९५६ च्या सुमारास तेथे अंगमेहनतीच्या कामगारांपेक्षा कचेरीत काम करणारांची संख्या प्रथमच अधिक झाली. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने या नव्या वर्गावर १९५१ मध्येच ग्रंथ लिहिला होता. इंग्रजीत हा वर्ग पांढऱ्या कॉलरीवरून ओळखला जातो. आपण त्यास पांढरपेशा म्हणतो. दोन्हीकडे वस्त्रावरूनच ओळख पटते, आणि दोन्हीकडे पेच तोच: पेहराव साहेबाच्या वळणाचा, पण जीव मात्र साहेबाच्या मर्जीवर टांगलेला.

कथानायक बॅक्स्टर न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत एकोणिसाव्या मजल्यावर काम करतो. कंपनीत नोकर ३१,२५९. लिफ्टपाशी गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येक मजल्याची सुटण्याची वेळ निराळी. त्याचा पगार आठवड्याला ९४ डॉलर ७० सेंट आणि घरभाडे महिन्याला ८५ डॉलर. म्हणजे भाड्यापायी पगाराचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. हा गृहस्थ उपाशी नाही. त्याचे दुःख निराळे आहे. एकसारख्या टेबलांच्या त्या अफाट दालनात आपण कोणाच्या नजरेस पडत नाही, हे ते दुःख. नजरेस पडण्यासाठी तो आपल्या घराची किल्ली चार वरिष्ठांना त्यांच्या चोरट्या भेटींसाठी देतो. ते त्याच्याविषयी चांगला शेरा लिहितात. येथे लाच द्यावी लागत नाही. मेहेरबानी हेच नाणे चालते.

हा प्रकार नोकरवर्गाचा प्रमुख शेल्ड्रेक याच्या कानी जातो. त्याने गैरवर्तनाची चौकशी करावी हे त्याचे कर्तव्य. तो किल्ली स्वतःसाठी मागून घेतो, आणि बॅक्स्टर सत्ताविसाव्या मजल्यावर चढतो. सत्तेचे स्वरूप याहून उघड कसे दाखवावे? नियम ज्याच्या हाती, त्यालाच नियमातून सूट.

आता किंमत कोण मोजतो ते पाहू. फ्रॅन कुबेलिक ही त्याच इमारतीत लिफ्ट चालविते. दिवसभर ती इतरांना वर पोहोचविते. तिला स्वतःला वर जाण्याची वाट नाही. विवाहित शेल्ड्रेक तिला झुलवीत ठेवतो आणि नाताळची भेट म्हणून शंभराची नोट पुढे करतो. ही रक्कम बॅक्स्टरच्या आठवड्याच्या पगाराहून अधिक आहे. साहेबाला ती खिशातून सहज काढता येते. तिला मात्र त्या नोटेवरून आपली किंमत कळते, आणि त्याच रात्री ती बॅक्स्टरच्या घरी झोपेच्या गोळ्या घेते. हास्यरसाचा पडदा येथे क्षणभर बाजूस होतो. बॅक्स्टरही निर्दोष राहत नाही, कारण तिच्या दुःखाचे दार त्याच्याच किल्लीने उघडलेले असते.

दुसरा मार्ग नव्हता काय? सप्टेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या इमारतींतील लिफ्टचालक व द्वारपाल अशा सुमारे १५,००० कामगारांनी संप केला, तेव्हा उंच इमारतींचा व्यवहार अडून पडला. ज्यांना कोणी मोजत नव्हते त्यांनी एकत्र येऊन आपले बळ दाखविले. बॅक्स्टर मात्र एकटाच वर चढू पाहतो. शेजारच्या टेबलावरील माणूस हा त्याचा सोबती नसून प्रतिस्पर्धी असतो, आणि मर्जीचे राज्य टिकते ते याच एकटेपणावर.

शेवटी शेजारचे डॉक्टर त्यास माणूस होण्याचा उपदेश करतात. पुन्हा घराची किल्ली मागितली जाते, तेव्हा बॅक्स्टर साहेबाच्या हाती ठेवतो ती अधिकाऱ्यांच्या खास प्रसाधनगृहाची किल्ली, आणि नोकरी सोडून चालू लागतो. फ्रॅनही शेल्ड्रेकला सोडून त्याच्याकडे येते. कंपनी होती तेथेच राहते आणि साहेबही आपल्या खुर्चीवर राहतो. दोन माणसे तेवढी सुटतात. ही त्या कथेची मर्यादा, आणि तिचा प्रामाणिकपणाही. वरिष्ठाच्या मागणीस नकार देण्याची किंमत जोवर एकेकट्याने नोकरी गमावून मोजावी लागते, तोवर त्या कारकुनाला हसताना आम्ही थोडे आमच्याकडेही पाहावे, एवढेच आमचे सांगणे.