पडद्याच्या कापडाच्या विजारी

एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेल्या पहिल्या बाई म्हणजे जपानच्या जुन्को ताबेई. साल १९७५. मोहिमेसाठी पैसे मागायला गेलं, की लोक सांगत, त्यापेक्षा घरी मुलं सांभाळा. थोडी मदत मिळाली, तरी जवळजवळ वर्षाच्या पगाराएवढा वाटा पदरचा भरावा लागला. मग बरंचसं सामान घरीच शिवलं. जुन्या पडद्यांच्या विजारी, मोटारीच्या कव्हरचे पाणी न शिरणारे हातमोजे. झोपायच्या पिशव्यांसाठी हंसाची पिसं चीनहून आणली. पिसांत हवा अडकते, म्हणून ऊब गोधडीची, पण वजन कितीतरी कमी. पाठीवर वाहायचं म्हणजे वजन आधी बघावंच लागतं! ४ मेला हिमलोट तंबूंवर कोसळला. शेर्पांनी ताबेईंना ओढून बाहेर काढलं. १६ मेला त्या माथ्यावर होत्या.