मेंदूतील तुटलेले दुवे
मेंदूची थोरवी त्याच्या पेशींइतकीच त्यांना जोडणाऱ्या तंतूंत आहे. हे दुवे पोखरणाऱ्या एका व्याधीचे सुस्पष्ट वर्णन १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को यांनी केले. तिलाच आपण मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतो. मृतांच्या मेंदूत त्यांना करड्या, कठीण चकत्या आढळल्या. तेथे तंतूंवरील मायलिनचे वेष्टन नाहीसे झाले होते. आतील तंतू मात्र पुष्कळसे शाबूत दिसत. त्यामुळे दीर्घकाळ सारे लक्ष वेष्टनावरच खिळले. १९९८ साली ब्रूस ट्रॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चकत्यांत तुटलेले तंतू विपुल असल्याचे दाखवून दिले. वेष्टन काही अंशी पुन्हा चढते. मेंदूतील तुटलेला तंतू सहसा सांधत नाही. म्हणूनच आज वैद्यक त्वरित उपचारांचा आग्रह धरते.