नांव आणि क्रमांक

कचेरींतील सर्व संगणक चालू आहेत, तारा शाबूत आहेत. परंतु हिशेबाच्या सर्व्हरचें नांव घातलें असतां ‘असें नांव सांपडत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळतें. त्याच सर्व्हरचा क्रमांक घातला, तर मात्र काम तत्काळ सुरू होतें! हा प्रकार अनेकांस चमत्कारिक वाटतो. वस्तुतः संगणक एकमेकांस क्रमांकानें ओळखतात, माणसें नांवानें. आणि या दोहोंमध्यें उभा असलेला दुभाषी चुकला म्हणजे काम अडतें. हा दुभाषी कसा जन्मास आला, हें आज पाहावयाचें आहे. कारण त्याचे दोष शोधण्याचा मार्ग त्याच्या इतिहासांतूनच जातो.

सन १९६९ मध्यें अमेरिकेंत अर्पानेट नांवाचें जाळें सुरू झालें, तेव्हां वर्षअखेर त्यावर अवघीं चार ठिकाणें होतीं. चार क्रमांक कोणाच्याही लक्षांत राहतील. पुढें ठिकाणें वाढलीं, तेव्हां कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रीसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती-केंद्रांत एक नांवनिशी ठेवण्यांत येऊं लागली. एलिझाबेथ फाइन्लर या बाई कित्येक वर्षें त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडणारानें केंद्रास कळवावें, केंद्रानें त्याचें नांव व क्रमांक ‘होस्ट्‌स’ या यादींत लिहावा, आणि इतर सर्वांनीं ती यादी आपल्याकडे उतरवून घ्यावी, असा तो कारभार होता. तो सरळ होता; खरें काय तें एकाच ठिकाणीं लिहिलेलें असे. परंतु संगणक शेंकड्यांनीं वाढूं लागले, तशी यादी लांबली आणि वारंवार बदलूं लागली. एकाची प्रत ताजी तर दुसऱ्याची शिळी, असें होऊं लागलें.

हा पेंच सोडविण्याचें काम जॉन पोस्टेल यांनीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेंतील पॉल मोकापेट्रिस यांजकडे सोंपविलें. नोव्हेंबर १९८३ मध्यें मोकापेट्रिस यांनीं आपली योजना दोन टिपणांत मांडली. तिचें मर्म असें कीं, यादी एका हातीं ठेवूं नये. अधिकार वांटून द्यावा. मुळाशीं असलेला सर्व्हर फक्त ‘कॉम’ किंवा ‘एज्यु’ या शाखेचा कारभार कोणाकडे आहे तें सांगतो. त्या शाखेचा सर्व्हर संस्थेचा सर्व्हर दाखवितो, आणि संस्थेचा सर्व्हर अखेरचा क्रमांक देतो. जिल्हा, तालुका अशी विचारपूस करीत गांव गांठावें, त्यांतलाच हा प्रकार! प्रत्येक वेळीं एवढी पायपीट नको, म्हणून मिळालेलें उत्तर ठराविक सेकंद लक्षांत ठेवण्याची मुभा दिली. ही मुदत नांवाच्या मालकानेंच ठरवावयाची. सन १९८७ मध्यें या योजनेस जें रूप आलें, त्याच्याच पायावर आजचें इंटरनेट उभें आहे.

या वांटणीनें जाळ्यास वाढावयास मोकळीक मिळाली. पण स्मरणशक्तीबरोबर शिळें उत्तरही आलें. सर्व्हरचा क्रमांक आज बदलला, तरी मुदत संपेपर्यंत कांहीं संगणक जुन्याच क्रमांकाकडे धांवतात. म्हणून जाणता व्यवस्थापक बदल करण्यापूर्वींच, जुनी मुदत उलटण्याइतका अवधि हातीं ठेवून, ती कमी करून ठेवतो.

आतां कचेरींतील बिघाडाकडे वळूं. क्रमांकानें काम होतें पण नांवानें होत नाहीं, असें ठरलें म्हणजे दोष दुभाष्याचा. प्रथम त्या संगणकांतील ‘होस्ट्‌स’ फाईल उघडावी. मेन्लो पार्कच्या नांवनिशीचा हा वंशज आजही बहुतेक संगणकांत आहे आणि सामान्यतः त्यालाच आधीं विचारलें जातें. कोणी एके काळीं प्रयोगाकरितां लिहिलेली ओळ तेथें दडून बसलेली असते. नंतर तो संगणक कोणत्या सर्व्हरला विचारतो तें पाहावें, आणि तोच प्रश्न मूळ अधिकारी सर्व्हरला थेट विचारून दोन्ही उत्तरें ताडून पाहावींत. उत्तरें भिन्न असतील, तर मधल्याची आठवण शिळी झाली आहे.

एक खोड विशेष फसवी असते. कचेरीच्या आंतील नांवें केवळ आंतल्या सर्व्हरलाच ठाऊक असतात. तरीही मदतीस असावा म्हणून दुसरा सर्व्हर बाहेरचा नेमतात. आंतल्यास क्षणभर विलंब झाला कीं संगणक बाहेरच्यास विचारतो, आणि तो प्रामाणिकपणें ‘असें नांवच नाहीं’ म्हणतो. हा नकार उत्तर म्हणूनच स्वीकारला जातो, आणि कांहीं काळ लक्षांतही ठेवला जातो! यास्तव दुसरा सर्व्हरही आंतलाच असावा.

मोठमोठ्या संस्थाही यांतून सुटत नाहींत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यावर देखभालीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेनें त्याच्या केंद्रांमधील दुवे तुटले. नांवांचे सर्व्हर चालू होते. परंतु केंद्रांशीं संबंध तुटतांच आपला मार्ग जगास जाहीर करणें बंद करावें, अशी त्यांची रचना होती, व ते तसेंच वागले. सुमारें सहा तास फेसबुकचें नांव जगास सांपडेना. दुरुस्तीचीं त्यांचीं स्वतःचीं कित्येक साधनेंही त्याच नांवांवर अवलंबून होतीं.

तेव्हां प्रत्येक कचेरीनें महत्त्वाच्या सर्व्हरांचे क्रमांक आणि त्यांच्या नांवांची नोंद कोणाच्या हातीं आहे, हें एका कागदावर लिहून ठेवावें. नांवें चालेनाशीं होतात, त्या दिवशीं संगणकांत ठेवलेली टिपणी उघडेलच असें नाहीं.