शेजारची जागा : गोंडस चित्रांतून साकारणारी मैत्री

ऑगस्टमधील पहिला रविवार जवळ आला की मुंबई-पुण्यातील भेटवस्तूंच्या दुकानांत मैत्रीदिनाच्या रंगीत पट्ट्या झळकू लागतात आणि त्यांच्या जोडीला शुभेच्छापत्रेही. त्या पत्रांवरील चित्रे थोड्याफार फरकाने सारखीच असतात. दोन अस्वले, दोन मांजरे, नाहीतर एक ससा आणि एक बदक. डोके मोठे, डोळे टपोरे, हातात हात. आता तशीच चित्रे मोबाइलवरूनही क्षणार्धात इकडून तिकडे जातात. पोक्त माणसे त्यांना पोरकट म्हणून बाजूला सारतात. परंतु या चित्रप्रकाराला शंभर वर्षांची थोर परंपरा आहे आणि गेल्या शतकातील काही श्रेष्ठ रेखाचित्रकारांनी आपले सारे कसब त्यात ओतले आहे.

वात्सल्याचे चित्र काढायचे तर आईची मांडी आहे, शृंगाराचे काढायचे तर कदंबाखालचे राधाकृष्ण आहेत. मैत्रीला मात्र अशी ठरलेली मुद्रा नाही. मग ती रेषेतून दाखवायची कशी? आपल्याकडील कृष्ण-सुदाम्याच्या चित्रांत याचे एक उत्तर सापडते. भागवताच्या दशम स्कंधात द्वारकाधीश कृष्ण फाटक्या वस्त्रांतील सुदाम्याला स्वतःच्या पलंगावर बसवतो. चित्रकारांना हाच क्षण पुन्हा पुन्हा भुलवतो, कारण मैत्री इथे शब्दांवाचून दिसते. एकाने दुसऱ्यासाठी आपल्या शेजारी जागा केलेली असते. आधुनिक काळातील गोंडस चित्रांचे मर्मही या शेजारच्या जागेतच दडले आहे.

गोंडसपणाचे व्याकरण

एखादी आकृती आपल्याला गोंडस का वाटते, याचा विचार ऑस्ट्रियन प्राणिवर्तनतज्ज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली मांडला. शरीराच्या मानाने मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे, फुगरे गाल, आखूड व गुबगुबीत हातपाय ही तान्ह्या बाळाची लक्षणे दिसली की मोठ्यांच्या मनात जपणुकीची भावना जागी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राण्यांची पिल्ले, बाहुल्या आणि व्यंगचित्रांतील पात्रे यांनाही हाच नियम लागू पडतो.

मात्र या लक्षणांनी फक्त एका आकृतीविषयी माया उत्पन्न होते. मैत्री दाखवायला दोन आकृत्या हव्यात आणि त्या एकसारख्या असून भागत नाही. एक उंच तर दुसरी बुटकी, एक धीट तर दुसरी भित्री असा भेद असला, की त्या दोघांमधील अंतर बोलू लागते.

पू आणि पिग्लेट

ए. ए. मिल्न यांचे 'विनी द पू' हे पुस्तक १९२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याची चित्रे 'पंच' साप्ताहिकाचे चित्रकार ई. एच. शेपर्ड यांची होती. पूचे रूप शेपर्ड यांनी आपल्या मुलाच्या, ग्रॅहमच्या, 'ग्राउलर' नावाच्या खेळण्यातील अस्वलावरून घेतले. या अस्वलाचा सोबती पिग्लेट म्हणजे एक इवलेसे डुक्कर. पू गोल आणि संथ, पिग्लेट चिमुकला आणि सदा धास्तावलेला. शेपर्ड यांनी त्यांचे चेहरे फारसे हसवले-रडवले नाहीत. डोळ्यांच्या जागी बहुधा नुसता ठिपका दिसतो. भाव उमटतात ते अंगाच्या कलण्यातून आणि शेजारी चालताना पडणाऱ्या लहानमोठ्या पावलांतून.

१९२८च्या 'द हाउस ॲट पू कॉर्नर' या पुस्तकात वादळाने घुबडाचे घर कोसळते. गैरसमजातून पिग्लेटचेच घर घुबडासाठी निवडले जाते आणि ते आपले आहे हे सांगण्याऐवजी पिग्लेट मुकाट्याने ते देऊन टाकतो. तेव्हा पू त्याला आपल्या घरी राहायला बोलावतो. इथेही मैत्रीचा अर्थ जागा करून देणे असाच आहे. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांमध्ये झालेल्या समारंभात या अस्वलाला 'मैत्रीचा राजदूत' ही पदवी देण्यात आली. पुढे २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्रीदिन म्हणून जाहीर केला.

वाळूच्या किल्ल्यापाशी

शेजारची जागा ही नेहमीच निरागस बाब नसते, हे अमेरिकी चित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेच्या इतिहासातून कळते. ही मालिका २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० अशी जवळपास पन्नास वर्षे चालली. मोठ्या गोल डोक्याचा चार्ली ब्राउन आणि त्याचे सवंगडी हे तिचे विश्व. त्या विश्वात आरंभीची जवळपास अठरा वर्षे एकही कृष्णवर्णीय मूल नव्हते.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहून मालिकेत कृष्णवर्णीय मूल आणण्याची विनंती केली. आपण उपकाराच्या भावनेने हे करत आहोत असे कृष्णवर्णीय पालकांना वाटेल, अशी भीती शुल्झ यांनी उत्तरात बोलून दाखवली. ग्लिकमन यांनी मग आपल्या कृष्णवर्णीय स्नेह्यांना त्यांना पत्रे लिहायला सांगितले. अखेर ३१ जुलै १९६८च्या चित्रपट्टीत फ्रँकलिन अवतरला. समुद्रात वाहून गेलेला चार्ली ब्राउनचा चेंडू तो परत आणून देतो आणि दोघे मिळून वाळूचा किल्ला करू लागतात. भाषण नाही, उपदेश नाही. किनाऱ्यावर खेळणारी दोन मुले, एवढेच.

एवढ्यानेही काहींच्या भुवया उंचावल्या. पात्र कृष्णवर्णीय असायला आपली हरकत नाही, पण मुले शाळेत एकत्र दाखवू नका, असे दक्षिणेतील एका संपादकाने कळवल्याची आठवण शुल्झ यांनी पुढे सांगितली होती. त्यांनी त्या पत्राला दाद दिली नाही.

तरीही चूक राहून गेली. १९७३ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या थँक्सगिव्हिंगच्या विशेष कार्यक्रमात जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटाच बसलेला दिसतो, बाकीची मुले इतर बाजूंना. या मांडणीवर वर्षानुवर्षे टीका होत राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'वेलकम होम, फ्रँकलिन' या नव्या कार्यक्रमात तसाच प्रसंग पुन्हा रचण्यात आला. या वेळी मुले त्याला आपल्या बाजूला येऊन बसायला सांगतात. एका खुर्चीचे अंतर ओलांडायला पन्नास वर्षे लागली.

फ्रॉग आणि टोड

मैत्रीच्या चित्रांतील सर्वांत हळुवार जोडी अरनॉल्ड लोबेल यांची. १९३३ साली जन्मलेले लोबेल न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे वाढले. आजारपणामुळे त्यांचे दुसरीचे बहुतेक वर्ष शाळेबाहेर गेले. वर्गात परतल्यावर प्राण्यांची चित्रे काढून त्यांनी मुलांमध्ये स्वतःला सामावून घेतले. चित्र हे त्यांच्यासाठी मैत्री जोडण्याचे साधन होते, ते असे लहानपणापासूनच.

१९७० साली त्यांचे 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स' प्रसिद्ध झाले आणि १९७९ पर्यंत या मालिकेची चार पुस्तके, एकूण वीस कथा झाल्या. मराठी बोलीत फ्रॉग आणि टोड दोघेही बेडूकच. शास्त्रीय मराठी टोडला 'भेक' म्हणते. लोबेल यांनी हा भेद नेमका हेरला. फ्रॉग हिरवा, उंच, शांत. टोड तपकिरी, बुटका, चिडका आणि हळवा. हिरव्या-तपकिरी रंगांच्या मोजक्या छटांत त्यांचे सारे जग उभे राहते. खरे तर बेडूक हा काही जात्याच गोंडस प्राणी नव्हे. कोट-विजार घातलेले हे दोघे गोड वाटतात, ते एकमेकांच्या सोबतीमुळे.

'द लेटर' या कथेत टोडला कधीच कोणाचे पत्र येत नाही, म्हणून दोघे ओसरीवर खिन्न बसले आहेत. फ्रॉग घरी जाऊन गुपचूप त्याला पत्र लिहितो, पण ते पोचवायला देतो गोगलगाईकडे! शेवटी राहवत नाही आणि पत्रातला मजकूर तो आधीच सांगून टाकतो. मग दोघे त्याच ओसरीवर आनंदाने वाट पाहत बसतात. पत्र पोचते चार दिवसांनी. आरंभी आणि अखेरीस ओसरी तीच, बसणारे तेच. बदलतो तो फक्त खांद्यांचा आणि ओठांचा बाक. जपानमध्ये ही कथा इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

लोबेल यांनी १९७४ मध्ये आपण समलिंगी असल्याचे कुटुंबीयांना सांगितले. १९८७ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, एड्सने त्यांचा बळी घेतला. या पुस्तकांत वडिलांच्या न बोललेल्या मनाचा उगम आहे, असे त्यांच्या कन्या एड्रियन लोबेल यांनी २०१६ मध्ये सुचवले. वाचकाने ते मानावे वा न मानावे. पण जे मोकळेपणाने बोलता येत नाही, त्याला या साध्या रेषांनी घर दिले एवढे खरे.

मालिकेतील अखेरच्या कथेत फ्रॉगला काही काळ एकटे राहायचे असते. तो नदीतील बेटावर जाऊन बसतो. आपले काही चुकले या धास्तीने टोड खाऊ घेऊन कासवाच्या पाठीवरून तिकडे निघतो आणि पाण्यात पडतो. फ्रॉग त्याला सांगतो, की तो उदास नव्हताच. आपल्याला टोडसारखा मित्र आहे, या सुखाचा विचार करायला त्याला निवांतपणा हवा होता. मग दोघे बेटावर शेजारी बसून भिजलेला खाऊ खातात.

मैत्रीदिनाला कोणासाठी चित्र काढायचे असेल, तर हात सफाईदार असण्याची गरज नाही. दोन वेगळ्या आकृत्या पुरेत. त्यांच्यात किती अंतर ठेवायचे, एवढे मात्र काढणाऱ्याला ठाऊक असायला हवे.